एका नारळाचं गाणं

"घे हा नारळ, आणि लेकीच्या लग्नात माझ्या दानशूरपणाचं गाणं गा!" असं म्हणून उदाजीराजांनी भर दरबारात भिवराच्या पदरात एक नारळ टाकला.

भिवराने तो कानाशी नेऊन हलवला. पाणीसुद्धा बेताचंच होतं!

भिवरा सोनकडची गाणारीण. मांडव कुणाचाही असो, गाणं तिनेच रचायचं आणि तिनेच म्हणायचं. नवऱ्यामागे तिची चूल त्या गाण्यांवरच पेटत होती.

"महाराज, नारळ देवाला चालतो," ती म्हणाली. "मला भाकरी लागते."

कारभारी विसाजीपंत फिस्सकन हसले. स्वतःच्या लग्नात वाजंत्र्यांना उपाशी परत पाठवणारा माणूस, तो हसणारच! "अगं बाई, गाण्याला खर्च काय येतो? ना तेल, ना मीठ! तोंड उघडलं की झालं!"

"मग पंत, तुम्हीच उघडा की! तोंड तर तुम्हालाही आहे."

दरबारात खसखस पिकली. राजे लाल झाले. हत्तीच्या सुळ्याला सोन्याचं कडं घालणारा हा राजा! का, तर कडं लोकांना दिसतं. गाणं दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्यावर दमडी घालवायची नाही, अशी यांची अक्कल!

"ऐक, भिवरे!" राजे गरजले. "गाण्यात एक शब्द खोटा चालणार नाही. थोरलीच्या लग्नात भाट गायला, राजा अंगणात मोती उधळतो! व्याह्यांची माणसं सकाळभर माझ्या अंगणातली माती चाळत बसली. शोभा झाली माझी! तेव्हा तारीफ हवी, आणि ती खरी हवी. नाही म्हणालीस, तर या राज्यात पुन्हा कुणाच्या मांडवात तोंड उघडायचं नाही!"

म्हणजे बघा! द्यायचा एक नारळ, आणि म्हणवून घ्यायचं दानशूर. वर पुन्हा ते खरंही हवं!

घरी तिची जाऊ कोंडाबाई वाट बघत होती. सगळं ऐकून म्हणाली, "नारळ तर नारळ, घे की गं. मांडव बंद झाले तर खाशील काय?"

"आणि नारळावर गायले तर? राजा नारळ देतो म्हटल्यावर पाटलीण करवंटी देईल, आणि वाण्याची बायको नुसती शेंडी!"

"मग नाही म्हण."

"त्या पंताच्या जिवाला बरं वाटावं म्हणून तोंड शिवून बसू होय? हट्!"

नाही म्हणावं तर मांडव गेले, हो म्हणावं तर मोल गेलं. भिवरा चुलीतली लाकडं मागेपुढे सारत बसली. कोंडाबाईने भाकऱ्या थापल्या, भाजल्या, तरी हिचं लक्ष नाही. मग एकाएकी खुदकन हसली.

"कोंडे, माझं ठेवणीतलं लुगडं काढ. जाते मी गायला!"

लग्न लागलं. विहिणीची पंगत बसली. सोनकडची रीत अशी, की गाणं पुरं झाल्याशिवाय विहिणीने घास उचलायचा नाही. विहीणबाई, म्हणजे देवकडच्या राणीसाहेब, पाटावर ऐसपैस बसल्या होत्या. पानात वाफाळता भात, त्यावर तुपाची धार. भिवराने गळा मोकळा केला.

"हत्तीच्या सुळ्याला कडं सोन्याचं, माहुताला भरजरी शेला,
गाणारणीला उदार राजानं दिला..."

आणि थांबली! पदर सावरून शांत उभी राहिली.

पंगत तिच्या तोंडाकडे बघू लागली. राणीसाहेब भाताकडे बघू लागल्या.

"पुढे म्हण!" पंत ओरडले.

"पुढचं अजून घडलंच नाही, तर म्हणू काय? खरं तेवढंच गायचा हुकूम आहे. महाराजांनी काय दिलं ते सांगावं, मी गाते. ‘नारळ एक ओला’ म्हणू? चालीत झकास बसतं!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. राजांच्या कपाळावर घाम आला.

"अहो व्याही," राणीसाहेब म्हणाल्या, "काय दिलंत ते सांगून टाका! तूप थिजलं माझं! आणि आमच्या बायका गाणं पाठ करून नेणार आहेत. देवकडात वर्षभर म्हणतील."

राजांनी दात आवळले. "भिवरे, आणि मी नारळच म्हणालो तर?"

"तर नारळच गाईन, महाराज! मी कुठे खोटं बोलते? उदार व्हायचं तुमच्या हातात, गायचं माझ्या. तुमचं काम आधी, माझं मागून!"

राजांच्या मिशा थरथरल्या आणि एकदम सगळा मांडव दणाणेल असं हसू फुटलं. "दिला! नदीकाठचा मळा दिला! पंत, आत्ताच्या आत्ता सनद लिहा! गा आता!"

भिवराने ओठांतल्या ओठांत ओळ घोळवली आणि नाक मुरडलं.

"काय झालं?"

"नुसता मळा आखूड पडतो, महाराज. चाल लंगडते. ‘म्हशीसकट मळा’ म्हटलं, तर बघा कशी ठुमकत येते!"

राजांना हसताना ठसका लागला. पंतांकडे बोट करून ते कसेबसे म्हणाले, "म्हैससुद्धा लिहा! आणि दुभती बघून द्या, नाहीतर ही बया दुसरं कडवं रचेल!"

भिवराने मळा म्हशीसकट गायला, आणि राणीसाहेबांनी घास उचलला.