हिरवळीखालचा राडारोडा

नदीकाठचं एक गाव एका वर्षी पुरात वाहून गेलं. माणसं वाचली, गुरंही बरीचशी वाचली, घर मात्र एकही उरलं नाही. त्या मुलखाच्या राजाने हुकूम काढला, की या लोकांना वरच्या माळावर एकवीस नवी घरं बांधून द्यावीत आणि प्रत्येक घरापुढे अंगण असावं. अंगणात हातभर खोल काळी माती आणि तिच्यावर हिरवीगार हरळी. ज्यांचं सगळं गेलं, त्यांना निदान दारात उभं राहिल्यावर बरं वाटावं, एवढीच राजाची इच्छा होती.

घरं बांधायला गवंडी आले, सुतार आले. त्या सगळ्यांवर देखरेखीला एक मुकादम आला. आणि अंगणांसाठी एक म्हातारा माळी आला.

बांधकामात अंगणाचा नंबर नेहमी शेवटी लागतो. पाया लांबतो, भिंती लांबतात, छप्पर लांबतं, घर ताब्यात द्यायचा दिवस मात्र हलत नाही. सगळ्यांचा उशीर शेवटी माळ्याच्या अंगावर येतो. शिवाय ज्याला जे नकोसं होईल, ते तो अंगणात टाकून मोकळा होतो. विटांचे तुकडे, फुटकी कौलं, घट्ट झालेला चुना, दगडाच्या कपच्या. माळी पोचतो तेव्हा अंगणाचा उकिरडा झालेला असतो.

पहिल्या घराचं अंगण माळ्याने मन लावून केलं. हातभर खणलं, टोपल्या भरभरून राडारोडा बाहेर काढला, नदीवरून गाळाची माती आणून भरली आणि मग हरळी लावली. त्याला सहा दिवस लागले.

सातव्या दिवशी मुकादम आला. "सहा दिवस? एका अंगणाला? अजून वीस घरं आहेत, बाबा. तोवर तुझे केस पांढरे होतील."

"पांढरेच आहेत," माळी म्हणाला.

"मग काळे कर आणि हात चालव. राडारोडा बाहेर कशाला काढतोस? तिथेच दाब. वर चार बोटं माती टाक, तिच्यावर हरळी अंथर. हिरवं दिसलं म्हणजे झालं."

"खाली चुना आहे, मुकादम. मुळं जळतील. पाणी मुरणार नाही."

"ते पुढचं पुढे."

दुसऱ्या घरापाशी माळ्याने पुन्हा वाद घातला. तिसऱ्यापाशी कमी घातला. चौथ्यापाशी त्याने नुसती मान हलवली. आणि पाचव्यापासून मुकादमाला काही सांगावंच लागलं नाही.

माळी वाईट माणूस नव्हता. तो दमला होता. चांगल्या माणसांच्या हातून वाईट कामं होतात, ती बहुतेक अशीच होतात.

पण एक अडचण होती. त्या गावात एक जुना रिवाज होता. नव्या घरात पाऊल टाकण्याआधी अंगणाची पाण्याने परीक्षा व्हायची. घरमालकाने बोटाने जागा दाखवायची, माळ्याने तिथे गुडघ्याएवढा खड्डा घ्यायचा आणि त्यात घागरभर पाणी ओतायचं. नारळ सोलून होईपर्यंत पाणी मुरलं तर जमीन चांगली. मग तोच नारळ उंबऱ्यावर फोडायचा आणि घरात शिरायचं.

नदीकाठच्या गाळात पाणी कुठेही मुरायचं. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ही परीक्षा कुणी नापास झालंच नव्हतं. हळूहळू लोकांना स्वतः जागा दाखवणं अशिष्टपणाचं वाटू लागलं. पंगतीत बसून भाताखाली काय आहे ते उकरून बघण्यासारखं. म्हणून घरमालक हात जोडून म्हणायचा, "मामा, जागा तुम्हीच दाखवा." आणि माळी दाखवायचा.

मुकादमाला हे कळलं तेव्हा त्याने मांडीवर थाप मारली. "मग सोपं आहे! प्रत्येक अंगणात फाटकाच्या उजव्या हाताला एकच जागा नीट खण. गाळ भर. परीक्षेला तीच दाखव."

माळ्याने तसंच केलं. वीस अंगणं त्याने अशी उरकली.

मार्गशीर्षात घरं ताब्यात द्यायचा दिवस आला. राजाचा प्रधान स्वतः आला होता. फाटकांना तोरणं होती आणि सगळी अंगणं इतकी हिरवी दिसत होती की लोक चपला काढून आत येत होते.

पहिलं घर झालं. दुसरं झालं. "मामा, जागा तुम्हीच दाखवा." फाटकाच्या उजव्या हाताला खड्डा, घागरभर पाणी, सोललेला नारळ. पाणी मुरायचं, लोक टाळ्या वाजवायचे, नारळ फुटायचा. दहाव्या घरानंतर माळ्याने वर बघणं सोडलं. लोक त्याच्या पाया पडत होते, आणि ते त्याला सगळ्यांत जड जात होतं.

एकविसाव्या घरात एकटी म्हातारी राहणार होती. तिच्या काखेत एक फुटकं मडकं होतं. त्यात मातीसकट एक रोप होतं, वीतभर उंचीचं. जुन्या घराच्या परसात तिच्या नवऱ्याने लावलेलं रामफळाचं झाड पुराने नेलं होतं. नवराही त्याआधीच गेला होता. त्या झाडाखाली उगवलेलं हे एकच रोप तिने पुरातून बाहेर येताना पदरात धरून आणलं होतं.

तिनेही हात जोडले. "माळीदादा, जागा तुम्हीच दाखवा. फक्त एवढं करा, जिथे हे जगेल ती दाखवा. मी परीक्षेच्याच खड्ड्यात लावणार आहे. हे मेलं तर दुसरं नाही. आणि दुसऱ्यांदा खणायची ताकद माझ्यात नाही."

माळ्याने फाटकाच्या उजवीकडे पाहिलं. जागा तयार होती. पाणी झर्रकन मुरलं असतं. रोप पहिल्या वर्षी पालवलंही असतं. दुसऱ्या वर्षी त्याची मुळं चुन्यापर्यंत गेली असती आणि तिथेच जळाली असती. तोवर माळी दुसऱ्या कुठल्या तरी गावी दुसऱ्या कुणाचं तरी अंगण झाकत असता.

मुकादमाने भुवई उंचावली. "चल, चल. प्रधानजींचं जेवण खोळंबलंय."

माळी जागचा हलला नाही. "मावशी," तो म्हणाला, "जागा तुम्ही दाखवा."

"अहो, मी कशी दाखवू? शोभतं का ते?"

"शोभत नसू दे. दाखवा. फाटकाजवळची सोडून कुठलीही."

म्हातारी गोंधळली. लोक कुजबुजले. शेवटी तिने लाजत खिडकीखाली बोट दाखवलं. माळ्याने कुदळ उचलली आणि मारली. चार बोटं आत जाऊन ती खणकन वाजली.

"दगड आहे," मुकादम घाईने म्हणाला. "माळरान आहे, प्रधानजी. दगड निघायचेच."

माळ्याने खाली बसून हाताने माती बाजूला केली. आधी विटेचा तुकडा निघाला. मग चुन्याचा गोळा. मग अर्धं कौल.

म्हातारीने ते कौल उचलून उलटसुलट पाहिलं. "मुकादम, या माळावर कौलं उगवतात वाटतं?"

कुणीतरी हसलं. 

"प्रधानजी," माळी म्हणाला, "पहिलं घर सोडलं तर सगळ्या अंगणांत हेच आहे. मीच दाबलंय. परीक्षेची जागा तेवढी नीट केली होती."

मुकादमाला त्याच दिवशी कामावरून काढलं. प्रधानाने लोकांना सांगितलं, "ज्याला हवं त्याचं अंगण पुन्हा खणून मिळेल. माळी खणेल."

माळ्याला वाटलं होतं, आता लोक चिडतील. चिडले. पण त्याच्यावर नव्हे, खणण्यावर.

"पुन्हा खणायचं? आत्ता तर तोरण बांधलंय!"

"आमचं पाणी मुरलं की. सगळ्यांनी पाहिलं."

"नारळ फुटला म्हणजे परीक्षा झाली. फुटलेला नारळ परत जोडतात का?"

दुसऱ्या दिवसापासून माळी दारोदार फिरला. "माझ्या हातून चूक झालीय. खणू द्या." पाचव्या घराचा मालक मोठ्या आवाजाचा होता. तो अंगणातच पाय पसरून बसला होता. "मामा, बघा तरी किती हिरवंय! तुम्ही दमलाय, त्यात वय झालंय. घरी जा, गरम गरम पेज प्या. नसते भास होतायत तुम्हाला."

एकच अंगण खणलं गेलं, म्हातारीचं. पुन्हा सहा दिवस लागले. म्हातारी पायरीवर बसून बघत होती. तिने त्याला चहापाणी दिलं, पण गोड काही बोलली नाही.

"हे आधीच केलं असतंत तर?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.

"तर बरं झालं असतं," माळी म्हणाला आणि खणत राहिला.

सातव्या दिवशी तिने रोप लावलं. पुढच्या आठवड्यात त्याला दोन नवी पानं आली.

वैशाख आला. वीस दिवसांत हरळी पिवळी पडली, मग तपकिरी झाली, मग पायाखाली कुरकुरायला लागली. एकोणीस अंगणांत तसंच झालं. पहिल्या आणि शेवटच्या घरापुढे तेवढं हिरवं राहिलं. लोकांनी घागरी ओतल्या. पाणी चुन्यावरून घसरून रस्त्यावर आलं. मग पावसाळा आला आणि पावसाचं पाणी अंगणातच तुंबलं. भिंतींना ओल धरली, पोरांना ताप आले, उंबऱ्याशी बेडूक आले. कुणी अंगणात पाय ठेवला तर चिखलातून विटेचा तुकडा तळव्याला लागायचा.

माळी अजून माळाच्या कडेला झोपडी करून राहिला होता. पाऊस उघडल्यावर लोक तिथे आले. सगळ्यांत पुढे पाचव्या घराचा मालक होता, पण या वेळी त्याचा आवाज मोठा नव्हता.

"मामा, ते... खणायचं म्हणत होतात ना."

"उद्यापासून येतो," माळी म्हणाला.

त्याने मागचं काही काढलं नाही. काढण्याइतका जीवही त्याच्यात उरला नव्हता. आता काम जास्त अवघड झालं होतं, कारण चुना पावसाने विरघळून मातीत शिरला होता आणि तेवढी मातीही फेकून द्यावी लागत होती. जिथे सहा दिवस पुरले असते तिथे दहा लागत होते. काही घरांतली माणसं घमेली घेऊन मदतीला आली. काही नाही आली. पुढचा हिवाळा आणि उन्हाळा याच कामात जाणार होता.

पाचव्या घराच्या मालकाने मदत केली नाही. तो दहाही दिवस पायरीवर बसून लक्ष ठेवत होता. काम झाल्यावर तो उठला. "परीक्षा घ्यायची आहे," तो म्हणाला. "जागा मी दाखवणार."

"दाखवा."

त्याने कोपरा दाखवला. पाणी मुरलं. त्याने मधली जागा दाखवली. तिथेही मुरलं. मग भिंतीलगत, मग फाटकाच्या डाव्या हाताला, मग पायरीपाशी. सात खड्डे झाले. माळी प्रत्येक खड्डा घ्यायचा, घागर ओतायचा, पाणी मुरेपर्यंत कुदळीवर हनुवटी टेकून उभा राहायचा आणि खड्डा बुजवायचा. एक शब्दही बोलला नाही.

सातव्या खड्ड्यानंतर मालकालाच कसंतरी झालं. "मामा, रागावलात?"

"नाही."

"मग बोलत का नाही?"

"दमलोय."

"मग एवढे सात खड्डे कशाला घेतलेत? एकदा म्हणायचं होतं, पुरे आता, सगळीकडे सारखंच आहे म्हणून."

माळ्याने कपाळावरचा घाम पुसला. "मागे एकच जागा दाखवून मी तेच म्हटलं होतं. तुम्ही विश्वास ठेवलात. त्याचं काय झालं, बघितलंत ना?"



"आणि खरं सांगू?" माळी म्हणाला. "या सात खड्ड्यांत मला बरं वाटलं. तुम्ही बोट दाखवत होतात आणि मी बिनधास्त कुदळ मारत होतो. त्या दिवशी वीस घरांत तुम्ही सगळे पाया पडत होतात, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता कुणीतरी दुसरीकडे बोट दाखवणार. तेव्हाचा थकवा या थकव्यापेक्षा मोठा होता."

एवढं बोलून तो तिथेच, ओल्या काळ्या मातीत बसला. पुढचं घर सहावं होतं, आणि त्यानंतर अजून चौदा होती.  मालक घरात गेला, स्वतःची कुदळ शोधून काढली आणि खांद्यावर टाकून फाटकातून बाहेर पडला.

"तुम्ही बसा थोडं," जाता जाता तो म्हणाला. "सहाव्याचा राडारोडा मी काढायला लागतो."

तात्पर्य इतकंच: जे काम नुसतं झाकलं जातं, ते संपत नाही, ते वाढून कुणाच्या तरी वाट्याला परत येतं. म्हणून माणूस कितीही भला असला तरी त्याचं काम तपासून घ्यावं, त्यात त्याचा अपमान नाही. आणि आपली चूक आपल्याला कळली, की कितीही दमलेलो असलो तरी कुदळ आपणच उचलावी.