चाकाच्या आसाला देवाचं तूप

फार जुनी गोष्ट, रस्ते बैलांच्या खुरांनीच पडत तेव्हाची. घाटाखालच्या एका गावात एक गाडीवान राहत होता. थोरला आणि धाकटा असे त्याचे दोन बैल, तोच त्याचा संसार. त्यांना वैरण घातल्याशिवाय त्याने कधी भाकरीचा तुकडा मोडला नाही.

त्या गावात एक रीत होती. सणाला देवळातल्या नंदादीपाचं तूप आणून गाडीच्या जुवाला बोटभर लावायचं. आपल्या गाडीवानाचा भाव जरा जास्तच. चाकं ज्या लाकडी दांड्यावर फिरतात, त्या आसालाही तो तेच तूप चोपडू लागला. आणि देवाचं तूप पुसायचं कसं? म्हणून जुन्यावरच नवं. आत धूळ आणि वाळू साचत गेली. बाहेरून गाडी नवरीसारखी नटलेली. आत कोण बघतो?

एकदा गावची म्हातारी तेलीण चाकाशी वाकून म्हणाली, "लेकरा, चाक उतरव. आस पुसून कोरडा कर, मग एरंडेलाचं घट्ट वंगण भर. तूप उन्हात वाहून जातं, मागं नुसती वाळू राहते."

तेलीण तेलाचेच गुण गाणार, असं गाडीवानाला वाटलं. तो म्हणाला, "आजी, देवाला चालतं ते चाकाला चालणार नाही होय?"

"देव भावाचा भुकेला असतो, बाबा. चाक नसतं."

वैशाखात पोत्यांनी भरलेली गाडी घाट चढू लागली. अर्ध्या वाटेत थोरला बैल थांबला.

"मालक," तो म्हणाला, "चाक फिरत नाही. आम्ही ते फरपटत नेतोय."

गाडीवानाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण चाक काही उतरवलं नाही. एवढं वळण काढ, मग विसावा, अशी त्याने समजूत घातली. धन्याचा शब्द मोडणं बैलाला ठाऊक नव्हतं. त्याने मान खाली घालून जोर लावला.

वळणावर आसातून धूर निघाला आणि तो कडकन मोडला. गाडी दरीकडे कलली. धाकट्याच्या गळ्याचा पट्टा तुटला म्हणून तो वाचला. थोरला गाडीबरोबर दरीत गेला.

गाडीवान धाय मोकलून रडला. पुढे त्याने नवी गाडी केली, आणि दर फेरीआधी आस पुसून त्याला ताजं वंगण लावू लागला. पण गोठ्यात धाकटा एका अंगालाच उभा राही, थोरल्याची जागा मोकळी सोडून. ते पाहिलं की गाडीवानाच्या गळ्याखाली घास उतरत नसे.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्याला मोलाचं वाटतं ते देणं म्हणजे काळजी नव्हे, ज्याला जे लागतं ते वेळेवर देणं म्हणजे काळजी.