आई नावाची फाईल

"पण बुवा, यात माझी चूक कुठं आली?"

शार्दूलने हे तिसऱ्यांदा विचारलं. तो हुशार होता, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

बुवांनी तीस वर्षं कंपन्यांचे सर्व्हर सांभाळले होते. आता गावी येऊन ते ओसरीवर दोघाचौघांना प्रोग्रॅम लिहायला शिकवत. शार्दूल त्यांतला लाडका. म्हणून बुवांना त्याचा राग जास्त यायचा.

गावच्या वाचनालयाने हयात नसलेल्या आयांचा आल्बम करायचं ठरवलं होतं. लोकांनी घरबसल्या फोटो पाठवायचे, ते वाचनालयाच्या सर्व्हरवर जमा व्हायचे. तो प्रोग्रॅम शार्दूलने दोन दिवसांत लिहिला. बुवांना दाखवायची त्याला गरज वाटली नाही.

टेंपोवाल्या बाळकूने आईचा फोटो पाठवला. 'फोटो सुखरूप पोचला' असं स्क्रीनवर आलं, तो निश्चिंत झाला. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन कालव्यात पडला. आईचा तेवढा एकच फोटो होता त्याच्याकडे. आज वाचनालयात जाऊन पाहतो, तर तिथे दुसऱ्याच कुणाची आई.

तो आता बाहेर ओसरीच्या पायरीवर बसून होता. भांडतही नव्हता, आणि तेच बघवत नव्हतं.

शार्दूलचं म्हणणं असं, की सूचना स्पष्ट होती: फाईलला आईचं पूर्ण नाव द्या. बाळकूने नुसतं 'आई' दिलं. मागून आणखी एकाने 'आई' दिलं. सर्व्हरने जुनी फाईल पुसली आणि त्या जागी नवी ठेवली. लोक सूचना वाचतच नाहीत, त्याला तो काय करणार?

बुवांनी ऐकून घेतलं.

"तुझ्या आईचा फोटो आहे या लॅपटॉपवर?"

"आहे."

"फाईलचं नाव काय?"

शार्दूलने फोल्डर उघडून पाहिलं.

"आई," तो हळूच म्हणाला.

बुवा उठले आणि आतून एक पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यात त्यांच्या आईचा फोटो होता. फाईलचं नावही तेच.

"ही तुझ्या आईशेजारी ठेव. त्याच फोल्डरमध्ये. नाव बदलायचं नाही."

शार्दूलने फाईल उचलून फोल्डरमध्ये नेली. लॅपटॉपवर प्रश्न आला: या नावाची फाईल इथे आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवू का?

त्याचं बोट थांबलं.

"ठेव की," बुवा म्हणाले.

"माझी जाईल, बुवा."

"हो."

बाहेर बाळकू खोकला. शार्दूलने हात मागे घेतला. त्याला लाज वाटली, आणि ती चेहऱ्यावर दिसली.

बुवांनी पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला.

"तुला निदान विचारलं तरी."