बारीक कमरेचं मैदान

वरसुळच्या नदीकाठी चिंचांच्या दोन रांगांमध्ये जो माळ आहे, तिथलं बॅडमिंटनचं मैदान पाहून बाहेरगावचे खेळाडू आधी हसतात. सगळीकडे हे मैदान सरळ लांबट चौकोनी असतं. इथलं मात्र दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये, जाळीपाशी, आवळलेलं, डमरू आडवा ठेवावा तसं. जाळीला लोखंडी खांबही नाहीत. माणसाच्या खांद्याला लागतील असे दोन काळे दगड आहेत. ते जमिनीत किती खोल गेलेत हे गावात कुणाला सांगता येत नाही.

केरबातात्या भोई पाहुण्यांना मनसोक्त हसू देतात. त्यांनी या मैदानावर चाळीस वर्षं पंच म्हणून उभं राहून पाय झिजवले आहेत, त्यामुळे त्यांना घाई नसते. हसणं ओसरलं की ते चिंचेखाली बसतात आणि ठकूची गोष्ट काढतात. त्यांनी ती त्यांच्या आजीकडून ऐकली, आजीने तिच्या आजीकडून.

तेव्हा नदीपलीकडच्या टेकाडावर गोऱ्यांची छावणी नुकतीच वसली होती, असं सांगतात. छावणीतल्या साहेबांना या खेळाचं भारी वेड. आधी ते लोकरीचा गोळा घेऊन खेळत, मग बुचात पिसं खोवलेलं फूल आलं. एका फुलाला सोळा पिसं, तीही सगळी एकाच बाजूच्या पंखाची. एखादं दुसऱ्या बाजूचं गेलं तर फूल हवेत भेलकांडणार. असलं नाजूक फूल टेकाडावरच्या वाऱ्यात कसं टिकावं? मारायचं समोर आणि जायचं दरीत. त्यांचा मुख्य कॅप्टन, ज्याला गाव बेलकसाहेब म्हणायचं, तो वारा नसलेली जागा शोधत खाली आला आणि या माळावर येऊन थांबला. चिंचांमुळे इथं पान हलत नव्हतं.

पण माळ रिकामा नव्हता. इथं भोई लोक जाळी वाळत घालायचे, याच दोन दगडांवर. वर्षातलं पहिलं जाळं आधी दगडांवर पसरायचं आणि मगच पाण्यात टाकायचं, ही त्यांची रीत. ज्याचं जाळं या दगडांवर वाळलं त्याचा नदीवर हक्क, असं आजूबाजूची आठ गावं मानत होती. भोयांकडे दुसरा कागद नव्हता की शिक्का नव्हता. हे दोन दगड हाच त्यांचा सातबारा.

ठकू ही येसू भोयाची बायको. जाळं विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. येसू छावणीत पालखी उचलायचा आणि खेळाच्या वेळी पडलेली फुलं गोळा करून द्यायचा. माणूस भित्रा, पण डोकं तल्लख. खेळाचे सगळे नेम त्याला पाठ झाले होते आणि रात्री जेवताना तो ते ठकूला ऐकवायचा. फूल पहिल्यांदा मारायचं ते कमरेखालूनच. ज्याने मारून सुरुवात केली त्यालाच गुण. पंधरा गुणांचा डाव. आणि फूल जमिनीला टेकत नाही तोवर रेघेच्या आत खेळणाऱ्यांखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही. हा शेवटचा नेम येसूच्या पाठीवर उमटलेला होता. एकदा फूल हवेत असताना तो चुकून आत गेला, तेव्हा बेलकसाहेबाने सगळ्यांदेखत त्याला सहा वेत मारवले होते.

छावणीची विलायती जाळी वाळवीने खाल्ली, तेव्हा साहेबाने ठकूला नवी विणायला सांगितलं. तेरा हात लांब. ठकूने विणली ती नऊ हात. साहेबाने मोजली, भडकला, पुन्हा विणायला लावली. पुन्हा नऊ हात. दोन दगडांमधलं अंतर तेवढंच होतं. येसूने घरी येऊन तिची मनधरणी केली, चार हात जास्त विणायला तुझं काय जातं, म्हणाला. ठकू म्हणाली, "जाळं लांबवलं की दगड सरकवाया सांगत्याल. म्या माझ्या हातानं आपली नदी द्यायची व्हय?"

तिचं म्हणणं खरं ठरायला दोन दिवस लागले. साहेबाने सांगून टाकलं की रविवारी दूरदूरच्या छावण्यांतून पाहुणे येणार, सामना होणार, आणि सामना संपला की दोन्ही दगड उपटून बाजूला टाकायचे. पहारी घेऊन दहा पालखीवाले उभे करायचे हुकूम सुटले. त्या दहांत येसूही होता. त्या दिवसापासून ठकू नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही, असं सांगतात.

रविवारी माळावर कनात लागली. साहेब आले, मडमा आल्या, खेळाचे नेम पहिल्यांदा कागदावर उतरवणारा एक म्हातारा साहेबही खुर्ची टाकून बसला. जाळी नऊ हातांचीच होती, या दगडापासून त्या दगडापर्यंत बांधलेली. बेलकसाहेब चौदा गुणांवर पोहोचला. एक गुण बाकी. त्याने कमरेखालून फूल मारलं, समोरच्याने उंच परतवलं, आणि सगळ्या माना वर झाल्या.

रेघेच्या बाहेर, दगडापाशी, ठकू खांद्यावर पाग घेऊन उभी होती. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं, त्याची दोरी मनगटाला बांधलेली असते. तिने ती पाण्यात फेकावी तशी आभाळात फेकली. पाग वर उलगडली, फुलाला पोटात घेतलं, आणि खाली यायच्या आत ठकूने दोरी खेचून ती छातीशी आवळली. फूल जमिनीला टेकलं नाही. पाग अशी वरच्या वर आवरता येते का, असं एखादा पाहुणा विचारतोच. तात्या त्याला शांतपणे सांगतात, "तुमाला न्हाई यायची."

ठकूने फूल बाहेर काढलं, तळहातावर ठेवलं आणि हात डोक्याच्या वर धरला.

बेलकसाहेब लालबुंद झाला. त्याने पहारवाल्यांना ओरडून सांगितलं, खणा. नऊ जण येसूकडे पाहू लागले, कारण तो सगळ्यांत पुढे होता आणि दगड त्याच्यापासून दोन पावलांवर होता. मध्ये फक्त रेघ होती. येसू घाबरला होता, असं आजी सांगायची, आणि तिने ते कधी लपवलं नाही. त्याने एकदा बायकोच्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं. मग पहार जमिनीवर ठेवली आणि हात जोडून म्हणाला,

"साहेब, फूल अजून खाली पडल्यालं न्हाई. डाव चालू हाय. म्या आत कसा येऊ?"

कनातीत मराठी समजणारी एक मडम हसली, मग दुसरी, मग सगळी कनात. दुभाष्याने म्हाताऱ्या साहेबाला काय झालं ते समजावलं. म्हाताऱ्याने स्वतःच लिहिलेला कागद खिशातून काढून दोनदा वाचला. फूल बाहेरच्या बाईने धरलं तर काय, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. त्याने मान हलवली. नेम तो नेम, पडेपर्यंत आत कुणी नाही.

मग थांबू, बेलकसाहेब म्हणाला. बाईचा हात किती वेळ राहील?

ठकूचा हात सूर्य मावळेपर्यंत राहिला. तो थरथरू लागला तसा येसू पुढे झाला आणि तळहाताला तळहात लावून फूल आपल्या हातावर घेतलं. त्याच्याकडून तिच्या जावेने, जावेकडून शेजारणीने. म्हणे आठ दिवस भोईवाड्यातल्या एकेका माणसाने आळीपाळीने ते फूल असं पेललं. चुली आळीपाळीने पेटल्या, नदीवरही आळीपाळीने जाणं झालं. नवव्या दिवशी साहेब हरले म्हणा किंवा कंटाळले म्हणा. दगड आहेत तिथे राहतील असं ठरलं, आणि मैदानाच्या रेघा दोन्ही टोकांकडून आत वळवून दगडांना आणून भिडवल्या. मैदानाला कंबर आली ती तेव्हा.

म्हाताऱ्या साहेबाने दुभाष्याकरवी ठकूला सांगितलं की आता फूल खाली टाकायला हरकत नाही. ठकू म्हणाली, "टाकलं की डाव संपला. मंग तुमचा साहेब पयला दगडाकडंच बघंल." तिने ते फूल पदरात बांधून घरी नेलं. ते जमिनीला कधी टेकलं नाही, असं सांगतात.

आजही वरसुळात जत्रेचा सामना याच मैदानावर होतो. चौदा गुण झाले की भोईवाड्यातली एक बाई पाग घेऊन दगडापाशी येऊन उभी राहते आणि शेवटचं फूल वरच्या वर धरते. पंधरावा गुण पंच पुकारत नाही. जिंकलं कोण, हे कुणी विचारत नाही. मैदान नियमात बसवा आणि ते दगड काढा, अशी पत्रं तालुक्याहून आजवर तीनदा आली आहेत. तिन्ही वेळा तात्यांनी ती नीट वाचली आणि उलट टपाली उत्तर पाठवलं: सामना अद्याप सुरू आहे, संपला की कळवू.