बिंदुमतीची भिंत

एका परसात एक मोठा रांजण होता. त्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यात जिवाणूंचे एक गाव वसले होते. ते इतके सूक्ष्म होते की रांजण घासणाऱ्यांनाही त्याचा कधी पत्ता लागला नाही.

त्या गावात प्रत्येक जिवाणू हेच एक घर होते, आणि भिंतीवाचून कोणाचेही चालत नसे. बाहेरचे पाणी सदैव आत शिरू पाही. त्या पाण्याने आतून पडणारा ताण केवळ भिंतच सोशी. ही भिंत दगडमातीची नव्हती. साखरेचे लांब धागे घराभोवती गुंडाळलेले असत आणि एक धागा दुसऱ्याला आडव्या दुव्यांनी जखडलेला असे. दुवे नसतील, तर धागे म्हणजे नुसते सूत.

प्रत्येक घरी कातरकरी आणि सांधकरी असे दोन प्रकारचे कामकरी राबत. घर वाढवायचे झाल्यास कातरकऱ्यांनी जुने दुवे कापून फट पाडावी आणि सांधकऱ्यांनी तेथे लगोलग नवा धागा घालून तो दुव्यांनी जोडावा, अशी रीत होती. घर पुरेसे वाढले की मधोमध नवी भिंत घालून एकाची दोन घरे होत; यालाच घर दुभंगणे म्हणत. याहून मोठा मान त्या गावात दुसरा नव्हता.

त्या गावात बिंदुमती नावाची एक गोल बांध्याची गृहिणी होती. तिच्यासारखा नितळ, एकसारखा धागा गावात कोणालाही काढता येत नसे. परंतु स्वतःच्या भिंतीकडे पाहण्यास तिला सवड नव्हती. तिची दृष्टी सदा समोर राहणाऱ्या शलाका नावाच्या शेजारणीच्या लांबट घरावर खिळलेली असे.

शलाकेचे घर दुभंगले की गाव कौतुकाला लोटे. बिंदुमती तेवढी घरात बसून राही.

"उबेची बाजू मिळाली की कोणीही वाढेल," ती म्हणे. "आमच्या वाट्याला आली रांजणाची गार बाजू. इथे राहून दाखवावे म्हणावे तिने."

एके दिवशी शलाकेचे घर पुन्हा लांब दिसू लागले. ते पाहताच बिंदुमतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने आपल्या कातरकऱ्यांना बोलावून आज्ञा केली, "चहूबाजूंनी फटी पाडा. मी सांगेपर्यंत हात थांबता कामा नये. या खेपेस आधी माझे घर दुभंगले पाहिजे."

एक सांधकरी चाचरत म्हणाला, "बाईसाहेब, एकदम इतक्या फटी पाडल्या तर सांधायच्या कशा?"

"तिच्या घरी सांधतात ना? मग तुमचेच हात का दुखतात?"

त्याच सुमारास कोणीतरी नासलेल्या लिंबाची फोड रांजणात टाकली. तिच्यावर हिरवी बुरशी चढली होती. बुरशीचे कोणाशी वैर नव्हते. तिला फक्त पसरायला जागा हवी होती, आणि जागा मिळावी म्हणून ती एक द्रव्य पाण्यात सोडत होती. त्या द्रव्याचे बारीक तुकडे तरंगत गावात आले. दिसायला ते थेट भिंतीच्या दुव्यांच्या टोकांसारखे होते. एक कोपरा तेवढा ओढून वाकवल्यासारखा, ताठलेला दिसे.

शलाकेने समोरून हाक मारली. "बिंदुमतीबाई, ते तुकडे घेऊ नका हो. माझ्या एका सांधकऱ्याने उचलला, तर त्याचा हात त्या तुकड्यालाच चिकटून बसला. काही केल्या सुटत नाही. मी कातरकऱ्यांना तिथल्या तिथे थांबवले आहे. तुम्हीही थांबवा."

"थांबवते तर," बिंदुमती म्हणाली. "मी थांबायचे आणि तुम्ही आयते तुकडे गोळा करून आधी दुभंगायचे. एवढी खुळी नाही मी."

"अहो, मीसुद्धा थांबलेच आहे."

"दाराशी थांबला असाल. आत काय चालले आहे ते मला दिसते थोडेच?"

इतक्यात एक अमीबा त्या तुकड्यांमधून डुलत डुलत पलीकडे निघून गेला. बिंदुमतीने तिकडे बोट दाखवले. "पाहा, त्याला काही झाले का?"

"त्याला भिंतच नाही, बाई," शलाका म्हणाली. "ज्याला काही सांधायचेच नाही, त्याचे हे तुकडे काय बिघडवणार?"

"वा, उत्तर तयारच आहे," असे म्हणून बिंदुमतीने आपल्या सांधकऱ्यांना फर्मावले, "तिने वेचण्याआधी सगळे उचला."

सांधकऱ्यांनी तुकडे उचलले. ज्याने ज्याने उचलला, त्याचा हात तेथेच जखडला. कातरकरी मात्र हुकमाप्रमाणे कापत राहिले. फटींना लागून फटी पडू लागल्या, आणि नवा दुवा कोठेच बसेना. पाण्याचा जोर वाढला. एका बाजूने भिंत फुग्यासारखी बाहेर आली. अजूनही बिंदुमतीने एक शब्द उच्चारला असता, तर कातरकरी थांबले असते. परंतु शलाकेचे घर दुभंगले की काय, हे ती टाचा उंचावून पाहत होती.

तिची भिंत फुटली. होते नव्हते ते सारे पाण्यात मिसळून गेले.

पुढे रांजणात ताजे पाणी पडले आणि बुरशीचे द्रव्य वाहून गेले. शलाकेने नवे सांधकरी घडवले, आणि मगच कातरकऱ्यांना पुन्हा कामास लावले. तेव्हा बिंदुमतीचे सुटे धागे शलाकेच्या दारावरून वाहत चालले होते. शलाकेने त्यांतला एक धागा हातात धरून पाहिला.

"असे सूत माझ्या हातून कधी निघाले नाही," ती म्हणाली. "एकदा तिला सांगायचे होते मला."

तात्पर्य: मत्सराने ग्रासलेल्यास हिताचा शब्द कपटाचा वाटतो आणि घाताची वस्तू हक्काची वाटते; दुसऱ्याचे घर न्याहाळण्याच्या नादात त्याला आपल्या भिंतीची फटही दिसत नाही आणि तिची शोभाही.