इंजिनावरची कोंबडी

जनावरांना पायी चालायचा कंटाळा आला होता, त्या काळची ही गोष्ट. एका साळिंदराला बिघडलेल्या वस्तू खोलून जोडायचा भारी नाद. भंगारवाल्या तरसाकडं त्याला जुनी मोटारसायकल दिसली आणि तिच्यावर त्याचा जीवच जडला.

“हिला काही काम नाही, एका किकेत चालू होते. सकाळी या, दाखवतो,” तरस म्हणाला. “पोतंभर शेंगा पडतील.”

काम नाही म्हटल्यावर साळिंदराचं तोंड जरा उतरलं. त्यात पोतंभर शेंगा म्हणजे त्याची पावसाळ्याची सगळी बेगमी. म्हणून पहाटेच तो शेजारच्या कोंबडीमावशीला घेऊन गेला. मावशी होती खुडूक, दिसेल तिथं बसायची. ती थेट इंजिनावरच बसली.

“अगं बाई, इथं तर ऊब आहे! आमच्याआधी कुणी चालवली रे?”

“उन्हानं तापलं असंल, मावशी,” तरस म्हणाला.

“आमचा कोंबडा अजून आरवला नाही मेल्या, ऊन कुठलं? आम्ही यायच्या आधीच तापवून ठेवलीस होय! आता गार झाल्यावरच किक मार.”

मग तिघं इंजिन गार व्हायची वाट बघत बसली. गार झाल्यावर तरसानं वीस किका मारल्या, पण गाडी नुसती खोकली. “अर्धं पोतं द्या,” तो हळूच म्हणाला.

साळिंदर खूश! शेंगा ओतून तो मावशीसकट गाडी ढकलत निघाला.

“बंद गाडी घेतलीस? आणि हसतोस वर?” तरस ओरडला.

“मला दुरुस्त करायलाच हवी होती. आजारी आहे म्हणाला असतास, तर कालच भरलं पोतं दिलं असतं!”