जाळीचा वसा

ऐका यंत्रदेवी, तुमची कहाणी. आटपाट नगर, त्याला पत्र्याची शीव. तिथं एक कारखाना होता. प्रेसखाली पत्रा सरकवायचा, पायानं कळ दाबायची, वरून लोखंड धाडकन पडायचं, खाली डब्याचं झाकण तयार. त्या प्रेसवर द्वारका कामाला होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात धाकटी जाऊ. चूल द्वारकेच्याच हातांवर चालायची.

मग खंडेनवमी आली. शेठनं यंत्रांना झेंडू वाहिले, नारळ फोडला. तिथं देवी म्हातारीच्या रूपानं आली. "बाई बाई, वसा घेशील?" "घेईन. पण वसा काय?" "प्रेसच्या तोंडाला हात अडवणारी जाळी असावी. जाळी नसली तर हात घालू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये." द्वारकेनं वसा घेतला.

पुढं मालाची घाई आली. जाळीनं काम मागं पडतं, म्हणून शेठनं जाळी काढवली. द्वारका मुकादमाला म्हणाली, "दादा, जाळी लावा." "उद्या." दुसऱ्या दिवशी म्हणाली. "उद्या." तिसऱ्या दिवशी म्हणाली. "नसेल जमत तर घरी बस." घरी बसून खायचं काय, माती? मग तिनं हात घातला. उजव्या हाताची चार बोटं गेली.

मग भाकरी थापवेना, वेणी घालवेना. हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. म्हणे, कुंकू लावायला हिला बोट कुठंय? बघा मेली जगाची रीत.

मग शेठनं त्याच प्रेसवर जावेला बोलावलं. जाळी कोपऱ्यात तशीच. द्वारकेच्या काळजाचं पाणी झालं. ती देवीला शरण गेली. देवी म्हणाली, "वसा टाकलास ना गं?" "मी टाकला नाही, माये. माझ्याकडून टाकवला. जाळी काढणाऱ्याचं नखही गेलं नाही." देवीनं मान खाली घातली. "माग काय हवं ते. बोटं तेवढी मागू नकोस, ती मला देता येत नाहीत." द्वारका ढसाढसा रडली. मग म्हणाली, "जावेचे हात राख." "मी एकटी कशी राखू? हा वसा एकटीनं घ्यायचा नव्हता, तेच सांगायचं माझं राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारका कारखान्याच्या दारात बसली. येईल त्या बाईपुढं थोटा हात धरला. बाया आत गेल्या, हात पदराखाली घेऊन उभ्या राहिल्या. शेठ ओरडला, शेठनं धमकावलं, शेठनं विनवलं. कुणी हात काढला नाही. दिवस कलला, तेव्हा जाळी लागली.

जाऊ धडधाकट हातांनी घरी आली. द्वारकेला भरवू लागली. घास पोटात गेला, पण डोळ्यांचं पाणी खळेना.

जावेला देवी पावली, तशी तुमच्या लेकीसुनांना पावो. द्वारकेची गत वैऱ्याचीही न होवो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं सुफळ म्हणा, बायांनो. संपूर्ण म्हणू नका, चार बोटं अजून उणी आहेत.